‘आम्ही एकही कुत्रं मारत नाही’ म्हणणाऱ्या नगरपंचायतीस

प्रति,
मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्षा आणि सर्व सन्माननीय सदस्य,
नगरपंचायत

विषय : कचरा डेपोलगतच्या श्वान निवाऱ्यातील मरणासन्न कुत्र्यांबाबत.

महोदय,

विषयाची ओळ हाताच्या सवयीने लिहिली गेली. पशुसंवर्धन खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी टिपणं आणि अहवाल लिहिण्यात गेली. पण हे पत्र आवक-जावकच्या वहीत नोंदून फायलीला लागू नये, म्हणून ते सगळ्या गावासमोर ठेवतो आहे.

एसटी स्टँडवरची पांढरी कुत्री आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. कानाचा शेंडा कापलेला, म्हणजे नसबंदी झालेली आणि लस टोचलेली. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर तिला राणी म्हणायचे. जानेवारीत एका पहाटे उसाचा ट्रॅक्टर स्टँडसमोर वळला आणि मागच्या ट्रॉलीचं चाक तिच्या कमरेवरून गेलं. स्टँडवरची कुत्री आता निवाऱ्यात न्यायची असतात, म्हणून घंटागाडीतून तिला डेपोवर नेलं आणि तीन नंबरच्या कप्प्यात, सिमेंटच्या कोब्यावर ठेवलं. ती तिथे सहा दिवस होती. सातव्या दिवशी पहाटे गेली.

मला कळलं पाचव्या दिवशी. निवाऱ्यावर कामाला असलेला कंत्राटी पोरगा संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. “सायब, तुमी डॉक्टर हाय ना? तिला काय तरी द्या की. रातभर वरडतीया. बाकीची कुत्री बी जेवंनात.” मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक होतो आणि आता तोही नाही, हे त्याला समजावत बसलो नाही. बॅटरी घेऊन गेलो. मागचा भाग पूर्ण लुळा, लघवी तुंबून पोट टम्म, सरपटून सरपटून मांड्यांची कातडी गेलेली आणि तिथे माशा. मागच्या पायाचं बोट चिमट्याने जोरात दाबलं तर पाय किंचित आखडला, पण तिने मान वळवून पाहिलं नाही. नुसता पाय आखडतो ती मणक्याची आपली आपण होणारी हालचाल. दुखलं असतं तर तिने वळून पाहिलं असतं. म्हणजे कंबरेखाली काही उरलेलं नव्हतं, आणि कंबरेच्या वर सगळं जागं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांकडे तीन दवाखान्यांचा कारभार, त्या दिवशी ते दुसऱ्या गावी. फोनवर म्हणाले, “समितीचं पत्र असल्याशिवाय मी हात लावत नाही, उद्या कोणी व्हिडिओ टाकला म्हणजे?” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नगरपंचायतीत आलो तर समिती म्हणजे कोणती, इथपासून सुरुवात. मग आपलं ते वाक्य, मुख्याधिकारी साहेब, जे आपण नंतर सर्वसाधारण सभेतही बोललात : “आपण एकही कुत्रं मारत नाही. कोर्टाचा आदेश आहे.”

या वाक्याला उत्तर म्हणून हे पत्र.

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री पकडा, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा त्याच जागी सोडू नका, असं सांगितलं. आपण लगबगीने पत्र्याची शेड उभी केली, जाळ्या लावल्या, कप्पे पाडले. आदेश पाळला, चांगलं केलं. पण त्यामुळे एक गोष्ट बदलली. पूर्वी गाडीखाली आलेलं किंवा म्हातारं झालेलं कुत्रं कुठेतरी मोरीखाली, रानात, शंकराच्या देवळामागे जाऊन पडायचं. ते मरण सुखाचं होतं असं नाही, पण त्यात आपला हात नव्हता. आता कप्प्याला बाहेरून कडी आहे आणि ती आपण लावलेली आहे. आत जे काही होईल, ते जगणं असो की मरणं, ते नगरपंचायतीच्या ताब्यात होतंय. राणीला आपण मारलं नाही हे खरं. आपण तिला सहा दिवस कडी लावून ठेवलं, हेही खरं.

आता कायद्याचं. आपल्याला भीती कायद्याची वाटते, म्हणून आधी तेच. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ हे १० मार्च २०२३ ला लागू झाले. दयामरणाला त्यात बंदी तर नाहीच, उलट त्यासाठी स्वतंत्र नियम आहे. असाध्य आजारी आणि जीवघेण्या जखमा झालेली कुत्री, समितीने नेमलेल्या पथकाने तसं निदान केल्यावर, पात्र पशुवैद्यकाने ठरलेल्या वेळी, सोडियम पेंटोबार्बिटॉल देऊन किंवा दुसऱ्या मान्य वेदनारहित पद्धतीने मुक्त करायची. दुसऱ्या कुत्र्यासमोर हे करायचं नाही. विल्हेवाट लावण्याआधी प्राणी खरोखर मेला आहे याची खात्री करायची. कारणासह नोंद ठेवायची. २००१ च्या जुन्या नियमांतही थोड्याफार फरकाने हेच होतं. आणि ही सगळी व्यवस्था ज्या स्थानिक संनियंत्रण समितीने लावायची, तिचे अध्यक्ष स्थानिक संस्थेचे प्रमुख अधिकारी असतात. म्हणजे साहेब, ज्या समितीचं पत्र डॉक्टरांना हवं होतं ती समिती म्हणजे आपणच. ती अजून कागदावरसुद्धा नेमलेली नाही, हे त्या दिवशी आपल्याच कार्यालयात मला कळलं.

त्याही मागचा कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून ज्याचा पाठपुरावा केला, तो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा. त्यात जीवजंतू कल्याण मंडळावर एक काम सोपवलंय : स्थानिक संस्थांना नको असलेले प्राणी नष्ट करावे लागलेच, तर ते एका क्षणात किंवा वेदनेची शुद्ध हरपल्यावरच व्हावं, हे पाहणं. मला हे वाक्य फार आवडतं. त्यात भाबडेपणा नाही. मारावं लागेल हे ते धरून चालतं, आणि लगेच कसं ते सांगतं. त्याच कायद्यात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे १० ते ५० रुपये. पन्नासात आपल्या स्टँडवर धड मिसळ येत नाही. पण आपल्या खात्यांत ‘दंड किती?’ हा प्रश्न आधी येतो म्हणून सांगतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालून किंवा अन्यथा ठार केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विषाचा विषय निघालाच आहे तर माझं सांगून टाकतो. उपदेश करणाऱ्याचे हात किती स्वच्छ आहेत हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

मी १९८३ ला नोकरीला लागलो, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या गावात यात्रेच्या आधी कुत्री ‘कमी करण्याची’ पद्धत होती. रात्री मटणाच्या तुकड्यात स्ट्रिक्नीन घालून ठेवायचे. कोकणातल्या लोकांना काजरा माहीत असेल, त्याच बियांतलं हे विष. मी हाताने घातलं नाही, पण पुडी किती आली, किती गेली ही नोंद माझ्याकडे होती आणि मोजायला मी बरोबर फिरायचो. या विषाने कुत्रं झोपत नाही. अंगाचे सगळे स्नायू एकदम आवळतात, पाठ धनुष्यासारखी वाकते, श्वास अडकतो. जरा सैल पडलं आणि कोणी पायाने दगड जरी ढकलला तरी त्या आवाजाने पुन्हा झटका. शुद्ध मात्र जात नाही. सकाळी गोळा करताना जबडे मिटलेले आणि पाय लाकडासारखे. त्या आधीच, १९८२ च्या दुरुस्तीत, हृदयात स्ट्रिक्नीन टोचणं किंवा अशा कुठल्याही क्रूर रीतीने भटकी कुत्री मारणं हा गुन्हा आहे असं कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या गावात ते कोणी वाचलं नव्हतं. मीही नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जड जाते, कारण ती मी चांगल्या भावनेने केली. नव्वदच्या दशकात एका शेतकऱ्याचं म्हातारं कुत्रं होतं, वाघ्या. पोटात गाठ, खाणं बंद, उठता येईना. घरी बोलावून म्हणाले, “डॉक्टर, सोडवा याला.” दवाखान्यात मॅगसल्फ कायम असतं, जनावरांना जुलाब म्हणून देतो तेच. त्याचं दाट द्रावण शिरेत दिलं की कुत्रं जागीच कोसळतं. सगळे असंच करायचे. मीही केलं. वाघ्या दोन मिनिटांत निपचित पडला, आवाज नाही, हालचाल नाही. घरातल्या बायका म्हणाल्या, किती शांत गेला बघा.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात एका तरुण मॅडमनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. मॅगसल्फ भूल देत नाही. ते स्नायू लुळे करतं, श्वास बंद करतं, हृदय थांबवतं. आधी पूर्ण भूल दिलेली नसेल तर प्राणी जागेपणी गुदमरतो, फक्त ते दाखवायला त्याच्याकडे एकही स्नायू उरलेला नसतो. आपण ज्याला शांत म्हणतो तो लकवा असतो. मी मागच्या बाकावर होतो. जेवणाच्या सुट्टीत जेवलो नाही. तो शेतकरी अजून बाजारात भेटतो, हात धरतो, म्हणतो, “माझ्या वाघ्याला तुम्ही सोडवलंत.” मी त्याला कधी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

मी हे इतकं लांबवून लिहितोय त्याला कारण आहे. उद्या आपण माझं ऐकून ‘दयामरणाची सोय करा’ असा ठराव केलात, तर सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेलं औषध हेच आहे. कोणीतरी ते काढणारच. मग कागदावर दयामरण आणि कप्प्यात वाघ्या. त्यापेक्षा ठराव न केलेला बरा.

नीट कसं करतात ते सांगतो. यात अवघड काही नाही, घाई फक्त नको. कुत्र्याला आधी शांत करणारं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत. मग त्याला त्याच्या जागी पडू द्यायचं, दहा-पंधरा मिनिटं. या वेळात आजूबाजूला भुंकणं, कप्प्यांची आदळआपट, मोबाईलचे दिवे नकोत. ओळखीचं माणूस असेल तर ते जवळ. राणीसाठी स्टँडवरचा चहावाला धावत आला असता, त्याला कोणी कळवलंच नाही. कुत्रं पेंगलं की पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवायची आणि भुलीचं औषध, पेंटोबार्बिटॉल किंवा थायोपेंटोन, भुलीला लागतं त्याच्या कितीतरी पट द्यायचं. ऑपरेशनच्या आधी माणूस जसा बोलता बोलता गप्प होतो, तसंच. आधी शुद्ध जाते, मग श्वास, मग हृदय. हा क्रम म्हणजेच सगळं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईत महालक्ष्मीला कुत्र्यांच्या कोंडवाड्यात विजेच्या झटक्याने कुत्री मारत. तेव्हाही ते आधुनिक आणि झटपट म्हणूनच चालत होतं. पण वीज आधी मेंदूतून गेली नाही तर हृदय बंद पडतं आणि शुद्ध मागे रेंगाळते. क्रम उलटा.

मग खात्री. नाकाशी हात धरून नाही. स्टेथोस्कोप छातीला लावून काही मिनिटं ऐकायचं, बुबुळाला हलकेच बोट लावून पापणी हलते का ते पाहायचं, थोड्या वेळाने पुन्हा. मी एकदा ट्रॉलीत टाकलेल्या कुत्र्याला श्वास घेताना पाहिलंय. नियमात ‘खात्री करावी’ हे उगाच आलेलं नाही. असं कुठेतरी घडल्याशिवाय कोणी असं वाक्य लिहीत नाही.

त्यानंतर खड्डा, खोल. आपल्याकडे मेलेलं कुत्रं डेपोच्या कडेला टाकायची रीत आहे आणि तिथे घारी असतात, कावळे असतात, बाकीची कुत्री असतात. या औषधाने मुक्त केलेल्या देहात औषध तसंच राहतं आणि खाणाऱ्याला मारतं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने, मेलेली जनावरं खाऊन, आपली गिधाडं कशी गेली हे आपण पाहिलंय, आता घारींवर प्रयोग नको.

पेंटोबार्बिटॉल अमली पदार्थांच्या कायद्यातल्या यादीत येतं, त्यामुळे तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळणार नाही, याची मला कल्पना आहे. थायोपेंटोन मिळतं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून डॉक्टरांच्या मागणीवर आणावं लागेल, कपाटाला कुलूप लागेल, रजिस्टर लागेल. खर्च विचाराल तर चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सांपैकी एक कमी लावला तरी भागेल. (सदस्यांनी राग मानू नये. माझ्याही पुतण्याचा लागला होता.)

आता दुसरी बाजू, आणि ती मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते. दयामरणाची सोय झाली की लोक कुत्री घेऊन रांगेत उभे राहतील. ‘हे बघा किती घाण झालंय, संपवा.’ दिसायला भयंकर आणि असाध्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोळ्यांना कळत नाही. लूत भरलेलं कुत्रं घ्या. केस गेलेले, कातडी हत्तीसारखी जाड, वास येतो. महिना-दीड महिना औषध दिलं तर त्याच कुत्र्याला आपण ओळखणार नाही. डोक्यात अळ्या पडलेलं कुत्रं पाहून बायका तोंडाला पदर लावतात. अळ्या काढल्या, जखम धुतली, रोज फवारा मारला तर कवटी दिसणारी जखमसुद्धा भरून येते, मी भरलेली पाहिली आहे. मागच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी रक्त गळणारी गाठ असते, लोक म्हणतात कॅन्सर झालाय. गाठ खरीच, पण कुत्र्यांना कुत्र्यांपासून लागणारी. आठवड्याला एक असं चार ते सहा वेळा व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरवरचं इंजेक्शन दिलं की बहुतेकदा विरघळते. या तिघांना निवाऱ्यात ‘दया’ दाखवली तर तो खून आहे, औषध कितीही चांगलं वापरा.

उलट राणी पहिल्या दिवशी फोटोत अगदी व्यवस्थित दिसली असती. रक्त नाही, जखम नाही, डोळे उघडे. डिस्टेंपर हा मेंदूपर्यंत जाणारा विषाणूचा आजार झालेलं पिल्लू दोन झटक्यांच्या मधल्या वेळात शेपूट हलवतं. म्हणून निदान डोळ्यांनी, व्हॉट्सॲपवर किंवा सदस्यांच्या बहुमताने करायची गोष्ट नाही. त्यासाठी पथक, त्यासाठी सही, त्यासाठी कारण लिहिलेलं रजिस्टर. ते रजिस्टर नगरपंचायतीच्या टेबलावर कोणालाही पाहायला ठेवा. प्राणीमित्र मंडळी आज माझ्यावर रागावणार आहेत, त्यांच्यातल्या दोघींचे फोन येऊनही गेले. त्यांची भीती खरी आहे : एकदा दार उघडलं की निरोगी कुत्र्यांनाही त्यातून ढकलतील. त्यांनाच पथकात घ्या. रजिस्टरचं प्रत्येक पान त्यांनी तपासावं. फक्त त्यांनी एकदा रात्री निवाऱ्यावर येऊन बसावं, एवढी माझी त्यांना विनंती.

पिसाळलेल्या कुत्र्याचं वेगळं आहे आणि तिथे मी अडतो. नियम सांगतो की रेबीजची दाट शंका असलेलं कुत्रं वेगळं ठेवायचं, ते नैसर्गिकरीत्या मरेपर्यंत; साधारण दहा दिवसांत ते मरतं. कारणही दिलंय : घाईने मारलं तर गावात रेबीज खरंच किती आहे हे कळत नाही. हे कारण मला पटतं आणि ते मरण मी पाहिलेलं आहे, त्यामुळे पटतही नाही. असाध्य म्हणजे असाध्य, मग याच्यासाठीच वेगळं का? नियम बदलायचा अधिकार आपल्या नगरपंचायतीला नाही; समितीने वर लिहावं, एवढं मागतो. पण वेगळं ठेवायचं म्हणजे उन्हात पत्र्याखाली ठेवायचं असं नियमात कुठेही नाही. अंधारी, गार, शांत खोली द्या. डॉक्टरांना गुंगीचं औषध देऊ द्या. मेल्यावर मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या, नाहीतर ते दहा दिवस कुत्र्याने कशासाठी भोगले?

याच संदर्भात आपल्या कामगारांना एक सांगायचं आहे, जे कुठल्याही प्रशिक्षणात नीट सांगत नाहीत. रेबीजचं प्रत्येक कुत्रं धावून येत नाही. मुक्या प्रकारात जबडा लोंबतो, लाळ गळते, कुत्रं केविलवाणं बसून राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. माणूस चांगल्या मनाने तोंडात हात घालतो. निवाऱ्यावरच्या तिन्ही पोरांना आजपर्यंत प्रतिबंधक लस दिलेली नाही. चिमट्याने कुत्री पकडायला लावता, हातमोजे नाहीत, लस नाही. दयामरणाआधी ते करा. ज्यांच्या हातून हे काम होणार आहे ते कंत्राटी आहेत, महिन्याचा पगार तीन महिन्यांनी होतो, आणि राणीजवळ रात्री जागा होता तो त्यांच्यातलाच एक.

पापाचा मुद्दाही टाळणार नाही, कारण सभेत तो निघाला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांच्यावर सुई कोण चालवणार? मीही गाणगापूरला जातो. देवाच्या पायाशी असलेल्या जिवाला सहा दिवस मुतात आणि माशांत पडू द्यावं, असं मात्र मला कोणत्या पोथीत सापडलं नाही. पाप ज्याला लागायचं ते मला लागू द्या, माझ्या खात्यात आधीच वाघ्या आहे आणि यात्रेची कुत्री आहेत.

चावा घेतलेल्यांचं काय, असं विचाराल. माझ्या शेजाऱ्याच्या नातवाला गेल्या वर्षी कुत्रं गालावर चावलं, ग्रामीण रुग्णालयात रेबीजचं सिरम नव्हतं, जिल्ह्याला पळवावं लागलं. मी कुत्र्यांच्या बाजूने आणि माणसांच्या विरुद्ध लिहीत नाहीये. चावे कमी करायचे तर नसबंदी आणि लस सातत्याने चालवावी लागते. शेजारच्या गोव्याने वर्षानुवर्षं दारोदार जाऊन कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर होण्यापर्यंत मजल मारली. निवाऱ्यात एक लुळं कुत्रं सहा दिवस ओरडत राहिलं म्हणून गावातल्या एकाही पोराचा चावा वाचत नाही.

मला हवंय ते इतकंच. या महिन्याच्या आत समितीचा आदेश काढा, त्यात पथकाची नावं घाला आणि तो डॉक्टरांच्या हातात द्या म्हणजे ते कोणाच्या व्हिडिओला घाबरणार नाहीत. आठवड्यातला एक दिवस ठरवा, आणि अपघाताच्या केसला तो दिवस लागू करू नका. अपघातात त्याच दिवशी निर्णय. डॉक्टर नसतील तर शेजारच्या तालुक्याचे, तेही नसतील तर मानधन देऊन खासगी. शेडच्या मागे जुनी पंपाची खोली रिकामी आहे, तिला दार आहे, खिडकी आहे, बाकीच्या कप्प्यांपासून ती लांब आहे. चुना मारून घ्या. मी इंजेक्शन देऊ शकत नाही, तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे आणि माझा विचाराल तर तो तसाच राहावा. पण कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन धरायला माणूस लागतो. ते मी करेन, फुकट, कधीही बोलवा, रात्री असलं तरी.

आणि शेवटचं, जे खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं. काल संध्याकाळी मी पुन्हा निवाऱ्यावर गेलो होतो. तीन नंबरच्या कप्प्यात आता एक तांबडं कुत्रं आहे, ग्रामीण रुग्णालयाच्या आवारातून आणलेलं. पुढचा पाय मोडलाय, हाड बाहेर आहे, आणि ते दोन दिवस पाणी पीत नाही असं पोरगा म्हणतो. ते वाचेल की नाही मला सांगता येणार नाही. पाय काढून तीन पायांवर आनंदाने फिरणारी कुत्री मी पाहिली आहेत. पण ते सांगू शकणारा माणूस आज त्याच्याजवळ जायला हवा. डॉक्टर आज आपल्याच गावच्या दवाखान्यात आहेत, एकपर्यंत. मी विचारून ठेवलंय. त्यांना फक्त आपला फोन हवा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
कचरा डेपोच्या रस्त्याला राहणारा